गावात घर आहे पण अंगण नाही, स्लॅबवर डब्या-पोत्यात भाजीपाला होते का?

वऱ्हाडची_सून:

नमस्कार सगळ्या ताई-दादांना. प्रश्न वाचून हसू नका, मी खेड्यातच रायते आणि मले कुंडीत भाजीपाला लावाचा आहे. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, घर जुन्या गावठाणातलं, भिंतीले भिंत लागून, दार उघडलं की थेट नाली अन् रस्ता, अंगण म्हणाल तर एक मोटारसायकल उभी राहील एवढंच. वावर आहे पण ते गावापासून दूर, त्यात कपाशी, तूर, सोयाबीन. पयले सासूबाई कपाशीच्या ओळीत अंबाडी, बरबटी (चवळीच्या शेंगा), भेंडीचं बी टाकत होत्या, आता तणनाशक मारा लागते, जे वाचलं ते रोही (नीलगाय) अन् डुकरं खातात, त्याच्यानं घरी काहीच येत नाही. म्हंजे शेतकऱ्याचं घर आणि पालकाची जुडीसुद्धा बाजाराच्या दिवशी विकत. पावसाळ्यात तर सांबाराचा, म्हंजे कोथिंबिरीचा, भाव ऐकला की हात मागेच येते.

वर स्लॅब आहे, मोकळा, दिवसभर ऊन. सध्या नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) चालू आहे, वाळवण घालाले गेलं तरी चप्पल घालून जा लागते. सामान घरातच पडून आहे, जुन्या कूलरची दोन पत्र्याची टबं, तेलाचे पिपे, पेंटच्या बादल्या, युरियाची पोती आणि फवारणीच्या औषधाच्या कॅना. सासरे म्हणतात कॅना कापून घे, चांगल्या जाड आहेत. पाण्याचं असं की बोअरचं पाणी खारं, साबणाले फेस येत नाही, नळाले योजनेचं गोडं पाणी येते पण पाच-सहा दिवसाआड अन् ते प्याले भरून ठेवा लागते.

यूट्यूबवर पाहून रायली तर सगळे पुण्या-मुंबईच्या बाल्कनीतले, म्हणतात सकाळचं कोवळं ऊन द्या, रोज पाणी द्या, कोकोपीट ऑनलाइन मागवा. आपल्या इकडे ऊन कोवळं किती वेळ रायते ते तुम्हाले माहीतच आहे. तर सांगजा, काळी माती चालते का, खाऱ्या पाण्यावर काय येईल, स्लॅबले वजनानं काही होईल का आणि माकडांचं काय करू. घरचे म्हणून रायले, खेड्यात राहून डब्यात वांगे लावते का.

कुटार:

ताई बाकी सगळं मंग, पयले त्या औषधाच्या कॅना बाजूले काढा. कितीबी धुवा, औषध प्लास्टिकमध्ये मुरलेलं रायते, त्यात खायचं काही लावाचं नाही, पाणी साठवाचं नाही, ढोराच्या ढेपेलेबी ते भांडं वापराचं नाही. २०१७ साली बाजूच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारता फवारता विषबाधेनं कितीतरी शेतकरी-मजूर गेले, ते औषध अन् या कॅनीतलं औषध काही वेगळं नसते. सासऱ्यांना म्हणा तीनदा खंगाळून तिले भोकं पाडून ठेवा, म्हंजे कोणी चुकून त्यात पाणी भरणार नाही. अन् हो, कपाशीचं-सोयाबीनचं लाल-गुलाबी रंग लावलेलं बी येते त्याच्या थैल्याही नको.

युरियाची पोती चालते, उलटी करून धुवून घ्या. पण त्या पोत्याचं आयुष्य एक हंगाम, उन्हानं धागे भुरभुरते अन् उचलाले गेलं की वरचं हातात अन् बूड खाली. म्हणून एकात एक अशी दोन पोती, काठ बाहेरून अर्ध्यापर्यंत दुमडून, अन् जिथं मांडलं तिथून हलवाचं नाही. पेंटची २० लिटरची बादली सगळ्यात कामाची, एका बादलीत एक वांगं नाहीतर एक टमाटर, दोन लावाचा मोह करू नका. फक्त पाण्यात कालवाच्या पेंटची पायजे, ऑइल पेंटची नको. भोकं बुडाले चार-पाच अन् बाजूनं बुडाजवळ दोन-तीन, कारण बादली स्लॅबवर टेकली की बुडाची भोकं बुजते. खाली विटा लावा, नाहीतर स्लॅब ओला राहून घरात पाझरते अन् मंग घरचे जे म्हणून रायले ते अजून म्हणतील.

तेलाचे पिपे लय तापते, मुळ्या अक्षरशः शिजते, बाहेरून चुना मारून पांढरे करा. कूलरची टबं तर तुमची लॉटरी आहे, आठ-दहा इंच खोल, लांबरुंद, पाणी काढाचं भोक आयतंच. त्यात पालक, मेथी, सांबार, चवळईच लावा, मोठं झाड नको.

मोर्शीच्या_काकू:

बाई, तू आता काहीच लावू नको. नवतप्यात बी टाकून कोणाचं भलं झालं. मृग लागू दे, दोन पाणी पडू दे, मंग बरबटी, भेंडी, दोडके, अंबाडी टाक अन् मिरची-वांग्याचं रोप टाक. पोळा झाला की मुळा, मेथी, पालक, सांबार, टमाटराचं रोप. वाल म्हंजे आपल्या पोपटाच्या शेंगा लावशील त्या थंडीत येतात, वेल स्लॅबच्या कठड्यावर चढवून दे. मार्च लागला की मंग फक्त गवार, भेंडी, चवळई अन् सावलीत पुदिना, बाकीचं सोडून दे. टमाटराले फुलं येतात बरं एप्रिलात, पण सगळी गळून जातात, लोकं म्हणतात खत कमी पडलं, अन् टाकतच रायतात खत.

सांबाराचं बी विकत घेऊ नको, डब्यातले धने घे, भाजलेले नको, लाटण्यानं हलकेच रगडून एका धन्याचे दोन कर, रातभर पाण्यात टाक अन् दाट फेकून दे. अख्खा धना टाकला की उगवाले लय वेळ लावते. मेथीही डब्यातलीच चालते. मिरचीचं बी तिखट कराले आणलेल्या वाळल्या मिरचीतलं काढ.

माकडाचं सांगते. आमच्या इकडं संत्र्यासाठी येतात अन् जाता जाता स्लॅब पाहून जातात. वांगे, टमाटर, भेंडी, शेंगा काही ठेवत नाहीत, खाणार थोडं अन् उपटून टाकणार जास्त. पण मिरची, लसणाची पात, अद्रक, हळद, ओवा, कढीपत्ता याले सहसा तोंड लावत नाहीत. तर हे सगळं बाहेरच्या बाजूले मांड अन् गोडगोड आत, वरून जाळी. चुलीची राख असली तर मातीत मिसळ अन् पानावरही भुरकव, मावा पडत नाही. बुडात गिट्टीचा थर टाकजो, पाणी निघून जाते.

झेडपी_मास्तर:

काकूंचं वेळापत्रक बरोबर आहे, ते छापून भिंतीवर लावा. पण दोन गोष्टींवर माझं मत वेगळं आहे, काकू रागावू नका.

गिट्टी टाकू नका. सगळेच टाकतात, पण बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांत सहजासहजी उतरत नाही, माती पूर्ण भिजून चिंब झाली की मगच खाली जातं, म्हणजे मुळाजवळची ओल उलट वर सरकते आणि डब्यातली चार इंच जागा वाया. भोकावर खापराचा तुकडा किंवा नारळाच्या शेंडीचा बोळा ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता, बस.

राख पानावर भुरकवा, मातीत नको. आपल्या भागातली माती आधीच विम्लधर्मी (अल्कलाइन), सामू म्हणजे pH आठच्या आसपास किंवा वर, त्यात राखेनं तो अजून वाढतो आणि मग कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसायला लागतात. ते लोह कमी असल्यामुळे नाही, लोह मातीत असतं पण झाडाला उचलता येत नाही म्हणून.

आता काळी माती. वावरात ती सोनं आहे, डब्यात फार त्रास देते. ओली झाली की फुगते, हवा जात नाही, वाळली की आकसते, डब्याच्या कडेपासून सुटते आणि तुम्ही घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं, वरून वाटतं भरपूर पाणी दिलं आणि मधला गोळा कोरडाच. म्हणून एकूण मिश्रणात काळी माती पाव हिस्सा, पाव हिस्सा धुतलेली जाड रेती, आणि अर्धं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. ताई, तुम्ही खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं असलेल्या भागात आहात, तिथली वावरातली माती तर अजून चिकट, जमलं तर अचलपूर-परतवाड्याकडच्या बाजूनं कोणी येत असेल तर दोन पोती माती तिकडून मागवा.

पाण्याचा मुद्दा सगळ्यात मोठा. पूर्णेच्या काठचं बोअरचं पाणी अमरावती, अकोला, बुलडाणा तिन्ही जिल्ह्यांत असंच आहे. कूलरच्या गवतावर ते पांढरं पापुद्र्यासारखं जमतं ना, तेच कुंडीतल्या मातीत जमतं, कारण पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. वावरात निदान पावसाळ्यात धुवून जातं, डब्यात जागाच नाही. पानाची टोकं करपायला लागली की समजायचं. म्हणून काय करायचं तर खारं पाणी रोज थोडं थोडं शिंपडायचं नाही, जेव्हा द्यायचं तेव्हा खालून बाहेर येईपर्यंत द्यायचं. आणि पावसात डबे झाकून ठेवू नका, चांगलं वाहू द्या, वर्षभराचा क्षार तोच धुतो. आणखी एक, कूलर रिकामा करताना निघणारं पाणी आणि गावातल्या आरओ प्लांटचं फेकायचं पाणी, ही दोन्ही झाडाला घालू नका, बोअरपेक्षाही खारी असतात. कूलरचं जुनं गवतही मातीवर पसरू नका. भाजी, डाळ-तांदूळ धुतलेलं गोडं पाणी मात्र एक थेंब वाया घालवू नका.

खाऱ्या पाण्यावर गवार आणि बरबटी चांगल्या तग धरतात, बीटसुद्धा. वांगं मध्यम. मिरची, कांदा, घेवडा यांना सोसत नाही, त्यांना गोड्या पाण्याचा हिस्सा ठेवा.

वजनाचं म्हणाल तर ज्या स्लॅबवर माणसं जातात तो साधारण एका चौरस मीटरला १५० किलो भार धरून बांधायचा असा मानक आहे. आता २० लिटरची बादली नुसत्या ओल्या काळ्या मातीनं भरली तर ३० किलोच्या वर जाते, म्हणजे चौरस मीटरभर जागेत चारपेक्षा जास्त नकोच. मिश्रण हलकं केलं की वजनही उतरतं. डबे भिंतीच्या वर आणि बीमवर, कडेकडेनं मांडा, मधोमध नको. जुन्या स्लॅबला खालून सळई दिसत असेल तर आधी मिस्त्रीला दाखवा, मग भाजी. आमच्या शाळेची परसबाग पोषण आहारासाठी आहे, ती जमिनीवर आहे, पण वरांड्यात पोत्यातला पालकही आहे आणि पोरं तोच आधी खुडतात.

वऱ्हाडची_सून:

मास्तर, काकू, कुटारभाऊ सगळ्यांचे आभार. कॅना आजच उचलून ठेवल्या, सासरे उलसे नाराज झाले पण २०१७ चं नाव काढलं तर काही बोलले नाहीत.

दोन गोष्टी अजून. शेणखत घरचंच आहे पण उकिरड्यातून काढलं तर त्यात मोठमोठ्या पांढऱ्या वाकड्या अळ्या निघून रायल्या, तांबडं डोकं असलेल्या, त्या गांडुळासारख्या फायद्याच्या असते का? आणि सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) भरपूर आहे, रेतीऐवजी तेच मातीत मिसळलं तर हलकं होणार नाही का?

कुटार:

ताई माझंच नाव घेतलं तर मीच सांगतो. कुटार मातीत कच्चं मिसळू नका. ते कुजताना मातीतलं नत्र खाते अन् झाड पिवळं पडते, मंग तुम्ही पुन्हा इथं फोटो टाकसान. मातीच्या वर दोन-तीन इंच पसरा, ऊन थेट मातीवर पडणार नाही अन् पाणी कमी लागेल. खाली सरकत जाते, वरून टाकत राहाचं. पावसाळ्यात मात्र पातळ ठेवा, बुरशी येते अन् गोगलगायीही येते.

अन् त्या अळ्या म्हंजे हुमणी. फायद्याची कायची, एक हुमणी डब्यात गेली की मुळ्या खाऊन टाकते, झाड सकाळी ताजं अन् दुपारी मान टाकते, पाणी घातलं तरी उठत नाही, ओढून पाहाल तर मुळ्याच नाही. शेणखत चाळणीनं चाळून घ्या, अळ्या कोंबड्यांना टाका, खुश होते. कच्चं, वास येणारं शेण तर बिलकुल नको, गरम होते. हातात घेतलं तर चहापत्तीसारखं भुरभुरीत अन् वास मातीचा आला पायजे.

धानपट्टा:

साकोलीकडून लिहून रायलो. तुमच्याकडे रेती मिळाली नाही किंवा महाग पडली तर धानाचं तूस पाहा, आमच्या राईस मिलच्या मागं डोंगर पडलेले असतात. वजन काहीच नाही, कुजायला वेळ लागतो म्हणून माती बरेच दिवस मोकळी राहते. कोंडा नाही बरं, तूस, वरचं टरफल. कोंडा टाकला की मुंग्या अन् उंदीर. आमच्याकडून त्या भागात ट्रक जात असतात, ओळखीच्या ड्रायव्हरला दोन पोती सांगा.

खताचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. डब्यात पाणी खालून निघतं तेव्हा अन्नही निघून जातं, त्यामुळे वावरासारखं एकदा खत टाकून मोकळं होता येत नाही, दर १५ दिवसांनी मूठभर गांडूळखत किंवा जीवामृत. जीवामृत आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांनी घरोघरी पोचवलं, ते २०० लिटरचं माप आहे, घरच्यासाठी १० लिटर पाण्याला अर्धा किलो ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि बांधावरची चिमूटभर माती. सावलीत झाकून दोन दिवस ठेवा, सकाळ-संध्याकाळ काडीनं ढवळा, आठवड्याच्या आत संपवा. पाणी गोडंच घ्या. ह्या कामासाठी ड्रम ठेवाल तर झाकण किंवा फडकं बांधून ठेवा, डेंग्यूचे मच्छर साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतात, पावसाचं पाणी धरायचा ड्रमही तसाच झाका.

स्पष्टच_बोलतो:

सगळं छान आहे पण ताई हिशोब करून घ्या. चार-पाच माणसांच्या घराची रोजची भाजी स्लॅबवरच्या डब्यांत होणार नाही, कोणी सांगत असेल तर खोटं सांगतो. एका बादलीत एक वांग्याचं झाड, त्यावर आठवड्याला एखादा भाजीचा वाटा निघाला तरी पुष्कळ. दोडक्याच्या वेलाला जेवढं पाणी लागतं तेवढ्या पैशात बाजारातून दोडका येतो. पैसा वाचतो तो सांबार, पालक, मेथी, पुदिना, हिरवी मिरची, कढीपत्ता, लसणाची पात याच्यात. रोज थोडं थोडं लागतं, बाजाराच्या दिवसापर्यंत टिकत नाही आणि पावसाळ्यात महाग होतं. त्यामुळे पहिल्या वर्षी फक्त कूलरची टबं आणि चार बादल्या भरा. सगळे डबे एकदम भरले की पाणी वर चढवता चढवताच जीव जातो, आणि जिन्यानं पाणी कोण नेणार ते घरात आधी ठरवून घ्या. डब्यात वांगे लावते म्हणून हसणाऱ्यांनाच ते काम द्या.

मोर्शीच्या_काकू:

हा भाऊ खरं बोलला. पण वांग्याचं एक झाड लावच बाई, अकोल्याच्या पीकेव्हीचं (कृषी विद्यापीठाचं) अरुणा वांगं चांगलं, भेंडी लावशील तर परभणी क्रांती, पिवळी पडत नाही लवकर. मास्तर, राखेचं मान्य, गिट्टीचं पाहते करून.

किडीसाठी विकतचं औषध घरात आणूच नको. आता जूनमध्ये निंबोळ्या पडतीन, त्या वेच, सावलीत वाळव. लागल तेव्हा ५० ग्रॅम कुटून एक लिटर पाण्यात रातभर भिजत घाल, सकाळी फडक्यानं गाळ, उलसा साबणाचा चुरा टाक अन् संध्याकाळी फवार. पानाच्या खालून फवारजो, मावा अन् पांढरी माशी खालीच बसते. तुमच्या आजूबाजूले सगळी कपाशी, तिच्यावर फवारणी झाली की माश्या उठून गावात येतात. मिरचीचा पाला चुरडला तर ते झाड उपटून फेक, त्याच्यावर जीव लावत बसू नको, बाकीच्यांले लागते.

वऱ्हाडची_सून:

काकू निंबोळीचं नक्की करते, आमच्या शाळेपुढं चार मोठे कडुनिंब आहेत. ठरवलं आहे, मृगाचं पाणी पडलं की टबात अंबाडी अन् चवळई, बादल्यांत मिरची, एक वांगं अन् बरबटी, बाकी पोळ्यानंतर. मोरीचं पाणी नाही वापरणार, डाळ-तांदळाचं बादलीत जमा करणं सुरू केलं. जिन्याचं काम यांच्याकडं दिलं, अजून हो म्हटलं नाही. आता फक्त जाळी अन् उन्हाळ्यातल्या सावलीचं सांगा. धुऱ्यावर (वावराच्या बांधावर) डुकरासाठी जुन्या साड्या बांधतो त्या वरून टाकल्या तर चालते का?

कुटार:

सावलीले साडी चालते, सुती असली तर अजून चांगली, फिकट रंगाची घ्या. पण वारं सुटलं की ती झाडावर घासते, म्हणून बांबू किंवा तुराट्यांचा मांडव करून वरून ताणून बांधा, झाडापासून हात-दीड हात वर. फेब्रुवारी संपता संपता बांधाची अन् पयल्या पावसाले काढून टाकाची, पावसाळ्यात सावली राहिली की झाडं नुसतीच लांब वाढते. पैसे असतीन तर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट घ्या, ७५ ची नको, त्यात भाजी होत नाही.

माकडाले साडी काहीच करत नाही, ते साडीवरच बसते. त्याले नायलॉनची जाळी चारी बाजूनं, खालून विटा दाबून, कारण पिल्लं खालून घुसते. नवीन जाळी महाग सांगते, दर्यापुरात बाजाराच्या दिवशी मासोळ्या विकणाऱ्यांजवळ फाटकी जुनी जाळी विचारा, भोकं सुतळीनं शिवून घ्या. फक्त धुवून वाळवून मंग वर न्या, नाहीतर माकड येणार नाही पण गावातल्या सगळ्या मांजरी येतीन.